पंधरा इंची की दहा इंची? बेस गिटारच्या बॉक्सबद्दल थोडं

माझ्याकडे बेस शिकायला येणारी पोरं वर्षभरात हातात जरा जीव आला, की ॲम्प आणि त्याचा स्पीकरचा बॉक्स घ्यायचं बोलायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, दहाचा घेऊ का पंधराचा?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात, "पंधराचाच घेतो बघा. लय बेस येतोय त्यात."

हे कुठून येतं ते मला कळतं. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाची बेसशी पहिली ओळख गणपतीच्या मिरवणुकीत होते. महाद्वार रोडला दोन्ही बाजूंनी घरं, मधून चाललेल्या ट्रॉलीवर अठरा इंची स्पीकरांची चळत, आणि छातीत बसणारा दणका. तिथून मोठा स्पीकर म्हणजे खोल आवाज हे डोक्यात पक्कं होतं. पण बेस गिटारचं काम नुसत्या दणक्यानं भागत नाही. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात या सगळ्यांतून आपला स्वर कुठला आहे हे गाणाऱ्याला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. त्याच्यासाठी बेसवाला स्टेजवर उभा असतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, ई, मोकळी छेडली की 41 हर्ट्झचा स्वर निघतो. पाच तारांच्या बेसवरची बी 31 हर्ट्झला. हवेत 41 हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. त्या लाटेपुढे दहा इंची काय आणि पंधरा इंची काय, दोन्हींचे कोन, म्हणजे स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा, चिमुकलेच. म्हणजे कोनाचा व्यास मोठा एवढ्यावरून तो खाली जास्त उतरेल असं होत नाही. खाली किती उतरायचं ते तीन गोष्टींवर ठरतं: एकूण किती हवा ढकलली जाते, स्पीकरचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे तो आपसूक सगळ्यांत सहज हलतो तो हर्ट्झ, कुठे आहे, आणि तो कुठल्या बॉक्समध्ये बसवलाय.

हवेचं गणित शाळेतलंच आहे. दहा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस इंच, बारा इंचीचं 113, पंधरा इंचीचं 177. मग दोन दहा मिळून 157 होतात, पंधराच्या बरेच जवळ. दोन बारा 226, म्हणजे पंधराच्या पुढे. चार दहा 314. आठ इंची चार लावले तरी 201 भरतात, आणि तो बॉक्स बघून कुणालाही वाटणार नाही की हा पंधरावर मात करेल. अर्थात ही ढोबळ मापं. खरा हलणारा भाग कडेचा सरावंड, म्हणजे लवचीक कडं, वगळून मोजतात, त्यामुळे आकडे थोडे खाली येतात. पण आपसातला हिशेब तोच राहतो.

त्याला जोड कोन पुढे-मागे किती हलू शकतो याची. इथे एक नियम लक्षात ठेवावा. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली वाजवायचं तर कोनाला चौपट हलावं लागतं. ई वरून बी वर उतरलं तरी पावणेदोन पटीच्या वर हालचाल लागते. म्हणून पाच तारांचा बेस घेतलेल्यांनी इंच मोजण्याआधी स्पीकरच्या माहितीच्या कागदावर एक्समॅक्स हा आकडा बघावा. कोन सरळ रेषेत किती मिलिमीटर जाऊ शकतो ते त्यात लिहिलेलं असतं. चांगला खोल हलणारा बारा इंची, आखूड हलणाऱ्या पंधरा इंचीपेक्षा बी तार जास्त नीट ऐकवतो.

आता बॉक्स. बेसवाल्यांच्या जगातला सगळ्यांत नावाजलेला बॉक्स म्हणजे ॲम्पेगचा आठ दहा इंचींचा. 1969 साली एसव्हीटी नावाचा 300 वॅटचा ट्यूब ॲम्प आला, त्याच्याबरोबरचा. चारी बाजूंनी बंद, आत चार कप्पे, कप्प्यात दोन-दोन स्पीकर, वजन 60 किलोच्या वर. हा बॉक्स 41 हर्ट्झला ताकदीनं वाजतो का? नाही. त्या घडणीच्या बॉक्सच्या, कंपनीनंच दिलेल्या आकड्यांत 58 हर्ट्झलाच आवाज 3 डेसिबलनं उतरलेला असतो आणि 40 च्या आसपास 10 डेसिबलनं. तरी आख्ख्या जगाला तो 'भरदार' वाटतो. कारण ई तारेचा स्वर आपल्या कानाला कळतो तो मुख्यतः तिच्या 82 आणि 123 हर्ट्झच्या उपस्वरांतून, आणि तिथे हा बॉक्स भक्कम आहे. मला वाटतं बेसवाल्यानं समजून घ्यायची सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच. आपण जिला खोली म्हणतो ती बऱ्याचदा 80 ते 120 च्या पट्ट्यात असते.

(उलट टोक म्हणजे फेंडर कंपनीचा बेसमन हा ॲम्प. 1952 साली तो एका पंधरा इंचीवर आला आणि त्याच दशकात चार दहा इंचींवर गेला. पुढे बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच तो जास्त उचलला.)

बंद बॉक्समध्ये आवाज खाली हळूहळू उतरत जातो. पोर्टवाल्या बॉक्समध्ये, म्हणजे पुढे भोक किंवा फट असलेल्यात, पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलाय तिथपर्यंत चांगला आधार मिळतो, पण त्याच्या खाली कोनाला धरून ठेवणारी हवाच उरत नाही. मग जाड तारेवर जोरात हात पडला की कोन नको तेवढा धावतो. ॲम्पवर 30-35 हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याच्या खालचं अडवणारा फिल्टर, असेल तर तो चालूच ठेवावा. त्यानं बेस कमी होत नाही, स्पीकर वाचतो.

हे सगळं आधी मोजून ठरवता येतं हे श्रेय ऑस्ट्रेलियातल्या थील आणि स्मॉल या दोघांचं. 1960 आणि 70 च्या दशकांत त्यांनी जी मापं बसवली, ती आज प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस अशा नावांनी छापलेली असतात. आपल्याकडे उद्यमनगरात बॉक्स करून देणारे उत्तम कारागीर आहेत. 18 मिलिमीटरचा प्लाय, आतून आडव्या पट्ट्या, कोपरे लोखंडी, काम बघत राहावं असं. पण त्यांच्याकडे जाताना "पंधराचा बॉक्स करा" एवढंच सांगून चालणार नाही. कुठला स्पीकर, किती लिटर हवा, पोर्ट केवढा आणि किती लांब, हे कागदावर लिहून न्यावं. स्पीकर कितीही भारी घेतला आणि बॉक्स अंदाजानं केला तर आवाज अंदाजाचाच येणार. आणि हॉफमनचा नियम कुणालाच चुकत नाही: छोटा बॉक्स, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यातलं दोनच मिळतं. तिसरं सोडावं लागतं.

वॅटबद्दल बोलायचं तर आप्पांना मध्ये आणावं लागेल. माझे वडील. आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि शाळा सुटल्यावर तिथल्या व्हार्निशच्या वासात बसून मी अभ्यास केलाय. एकदा त्यांनी माझ्या स्पीकरची कॉइल आणि एका पंपाच्या मोटरची वाइंडिंग शेजारी-शेजारी ठेवली. दोन्ही तांब्याच्या, एक बोटाएवढी जाड, दुसरी केसासारख्या तारेची. म्हणाले, "तापलं की तांबं करंट घ्यायला कुरकुर करतंय. मोटर असू दे न्हाईतर भोंगा." शब्दशः खरं आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल 100 अंशांनी तापली की रोध जवळपास 40 टक्क्यांनी वर. कार्यक्रम रंगात आला असताना ॲम्प वाढवत जावं आणि आवाज मात्र तेवढाच राहावा, असं होतं ते यामुळे. भार दोन-चार स्पीकरांवर वाटला गेला की प्रत्येक कॉइल कमी तापते. मी एकापेक्षा जास्त लहान स्पीकरांच्या बाजूची आहे, त्याचं हे मोठं कारण.

दुसरं, वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त 3 डेसिबल. 300 चा ॲम्प विकून 600 चा आणला तर फरक कळतो, पण खर्चाच्या मानानं नाही. त्यापेक्षा आहे त्या ॲम्पला तसाच दुसरा बॉक्स जोडला तर 6 डेसिबलपर्यंत मिळू शकतात. पण त्याला ओहमचं पथ्य आहे. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम होतात, आणि बहुतेक ॲम्पची मर्यादा तीच असते. पहिलाच बॉक्स 4 ओहमचा घेतला तर दुसरा जोडायची वाट बंद. म्हणून पोरांना मी पहिला बॉक्स 8 चाच घ्यायला लावते. दुकानात मल्टिमीटर लावून बघितलंत आणि 6 च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, 8 ओहमचा स्पीकर डीसीवर तेवढाच दाखवतो.

पंधराला मी नावं ठेवत नाही. बोटांनी मऊ वाजवणाऱ्याला, संथ गाण्यांना त्याचा गोलसर आवाज शोभतो. पण कोन जितका मोठा तितका वरचा आवाज समोरच्या एका पट्ट्यात गोळा होतो. पंधरा इंचीत हे 1000 हर्ट्झच्या आसपास जाणवायला लागतं, दहा इंचीत 1600 च्या पुढे. तारेवर बोट पडल्याचा 'टक्' याच भागात असतो. पंधराचा एकच बॉक्स जमिनीवर ठेवला तर तो 'टक्' माझ्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानाला नाही. शेजारच्या ढोलकीवाल्या दादांना तर गुरगुरच ऐकू जाते. मग ते म्हणतात बेस वाढव, मी वाढवते, आणि पुढच्या रांगेतली माणसं कपाळाला आठ्या घालतात. म्हणून दोन स्पीकरांचा बॉक्स मी उभा ठेवते, एकावर एक. आडवा ठेवला तर वरचा आवाज डावी-उजवीकडे आकसतो. उभा ठेवला की तो स्टेजभर पसरतो आणि वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो.

दुकानात ऐकून ठरवणार असाल तर खोलीची लांबी बघा. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात सरावाची खोली 14 फूट लांब आहे. तेवढ्या लांबीत 40 हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये अडकून फुगते. तिथे कुठलाही बॉक्स लावा, मोकळी ई वाजली की कपाटाची काच थरथरते आणि ऐकणारा म्हणतो "वा!" तोच बॉक्स मैदानातल्या मांडवात नेला की भिंती नाहीत, फुगवटा नाही, ई पार गायब. तेव्हा दुकानात एका तारेवर भुलू नका. ई पासून एकेक पट्टी चढत सगळे स्वर सारख्या जोरात वाजवा. कुठला स्वर उसळतो, कुठला बुडतो ते ऐका. मग बॉक्स ओढून दुसऱ्या जागी ठेवा आणि पुन्हा तेच करा. जागेबरोबर बदललं ते खोलीचं, दोन्हीकडे तसंच राहिलं ते बॉक्सचं.

मग घ्यायचं काय? लग्नाचे हॉल, कॉलेजची गॅदरिंग, तालीम मंडळांचे कार्यक्रम असं फिरतं काम असेल तर माझं मत बारा इंचीच्या बाजूला आहे. एक बारा इंची, 8 ओहम, हलक्या निओडिमियम मॅग्नेटचा. तो एका हातात जिना चढतो आणि मोपेडच्या पायाशी बसतो. काम वाढलं की अगदी तसाच दुसरा आणून त्याच्यावर ठेवायचा. दोन मिळून क्षेत्रफळ पंधराच्या पुढे, आवाज कानाजवळ, आणि लहान कार्यक्रमाला एकच न्यायची सोय. कागलहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला हेच सांगितलंय. मेटल किंवा स्लॅप (तारेवर अंगठा आपटून) वाजवणाऱ्यांनी दोन किंवा चार दहाकडे जावं. दहा आणि पंधरा एकत्र जोडायचा मोह होतो, पण मला तो पटत नाही. दोघांची कमीअधिक ताकद आणि वेगळा रेझोनन्स यांमुळे काही स्वर एकमेकांना खातात.

मोठ्या नाट्यगृहात किंवा मैदानात प्रेक्षकांपर्यंत आवाज नेणं हे साउंडवाल्यांचं काम. डीआयमधून, म्हणजे बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या जोडणीतून, त्यांना स्वच्छ सिग्नल द्या, आपला बॉक्स स्टेजपुरता ठेवा. आणि त्यांना आधीच विचारून घ्या की डीआय ॲम्पच्या टोनच्या बटणांआधीचा हवाय की नंतरचा. मी आधीचा देते, म्हणजे स्टेजवर माझ्या कानासाठी मी बेसचं बटण फिरवलं तरी त्यांच्या मिक्सरवर काही हलत नाही.