टोमॅटोचा तांबूस डाग आणि प्रोस्टेटची सूज

गेली तीन वर्षे मी ओटीपोटातल्या एका हट्टी दुखण्यासोबत राहतो आहे. खुर्चीवर तासभर बसले की वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी बोथट कळ सुरू होते आणि लघवी करून आल्यावरही ती पुरती झाली असे वाटत नाही. तपासणीत जंतू सापडले नव्हते, तरीही प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले आणि दोन्ही वेळा दुखणे होते तिथेच राहिले. त्यानंतर मूत्ररोगतज्ज्ञांनी माझ्यापुढे एक प्रश्नावली ठेवली. तिचे गुण 0 ते 43 असतात आणि जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. वेदनेचे 11, लघवीचे 4 आणि जगण्यावरच्या परिणामाचे 7, असे माझे 22 गुण भरले. शेवटचा प्रश्न असा होता की, लक्षणे गेल्या आठवड्यासारखीच जन्मभर राहिली तर तुम्हाला कसे वाटेल. पेन तिथे बराच वेळ अडले.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या सुजेचे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चार गट केले आहेत. जंतूंमुळे अचानक येणारी सूज, जंतूंमुळेच रेंगाळणारी सूज, जंतूंचा पत्ता नसताना महिनोन्‌महिने राहणारे ओटीपोटाचे दुखणे, आणि काहीही त्रास न होता दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत दिसणारी सूज. जवळजवळ 90 टक्के रुग्ण तिसऱ्या गटात मोडतात आणि मीही त्यातलाच आहे. या गटात प्रतिजैविकांचा हात बऱ्याचदा तोकडा पडतो, म्हणून माणूस साहजिकच आहाराकडे वळतो.

त्यामागचा तर्क चुकीचा नाही. सूज आलेल्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील रेणू तयार करतात. जंतू असोत वा नसोत, या रेणूंना आपपर भाव नसतो. ते ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांना आणि डीएनएलाही इजा करतात, त्या इजेमुळे सूज वाढवणारे संदेश सुटतात आणि त्या संदेशांमागोमाग आणखी पांढऱ्या पेशी येतात. हे चक्र कुठेतरी तोडावे, ही अँटिऑक्सिडंटांमागची, म्हणजे अशा रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांमागची, कल्पना आहे. मात्र हेच रेणू शरीर जंतूंशी लढताना आणि पेशींच्या आपसांतील निरोपांसाठीही वापरते, त्यामुळे ते जितके कमी तितके चांगले, हे समीकरण जाहिरातीत शोभते, शरीरात नाही.

तिसऱ्या गटासाठी थेट पुरावा असलेले पदार्थ मोजकेच आहेत. कांद्यात आणि सफरचंदाच्या सालीत असणाऱ्या क्वेर्सेटिन या अँटिऑक्सिडंटची एक छोटी चाचणी 1999 साली प्रसिद्ध झाली. तीस पुरुषांपैकी काहींना महिनाभर दिवसातून दोनदा 500 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन आणि इतरांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. क्वेर्सेटिन घेणाऱ्यांचे सरासरी गुण 21 वरून सुमारे 13 वर आले, तर दुसऱ्या गटाचे 20 वरून जेमतेम 19 वर. आकडा सुखावणारा आहे, पण माणसे तीस आणि काळ एक महिना, हे विसरून चालत नाही. शिवाय दिवसाला एक ग्रॅम क्वेर्सेटिन कांदे खाऊन मिळत नाही; ते प्रमाण औषधाचे आहे, जेवणाचे नव्हे. परागकणांच्या अर्काची 139 पुरुषांवरील 12 आठवड्यांची चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातही वेदना कमी झाल्याचे दिसले.

टोमॅटोची गोष्ट वेगळी आणि माझ्या आवडीची आहे. त्याचा लाल रंग म्हणजे लायकोपिन, हेही एक अँटिऑक्सिडंटच. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. टोमॅटोची ग्रेव्ही मंद आचेवर आटत आली की कडेला सुटणारे तेल केशरी होते, आणि तीच ग्रेव्ही प्लास्टिकच्या डब्यात ठेवली की कितीही घासले तरी डब्यावर तांबूस छटा उरते. दोन्ही ठिकाणी स्निग्धतेला चिकटलेले लायकोपिनच आपल्याला दिसत असते. म्हणूनच कच्च्या टोमॅटोपेक्षा तेलात शिजवलेल्या टोमॅटोतून ते अधिक शोषले जाते, आणि शोषल्यावर ते प्रोस्टेटमध्येही साठते. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी 32 पुरुषांना तीन आठवडे रोज 30 मिलिग्रॅम लायकोपिन मिळेल इतका टोमॅटो सॉस देण्यात आला, तेव्हा रक्तातील पांढऱ्या पेशींच्या डीएनएची इजा सुमारे 21 टक्क्यांनी घटली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि त्यात माझ्यासारखे दुखणे मोजलेलेही नव्हते. टोमॅटोने माझी कळ थांबेल, असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे ओढूनताणून काढलेला अर्थ होईल.

गोळ्यांबद्दल मात्र मी सावध आहे, आणि त्याचे कारण सिलेक्ट नावाची चाचणी आहे. 2001 साली सुरू झालेल्या या चाचणीत 35,000 हून अधिक पुरुषांना जीवनसत्त्व ई, सेलेनियम, दोन्ही किंवा निष्क्रिय गोळी देऊन प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे पाहिले गेले. फायदा दिसेना म्हणून 2008 साली गोळ्या थांबवण्यात आल्या. पुढे 2011 साली निघालेला निष्कर्ष असा की, रोज 400 युनिट जीवनसत्त्व ई एकटे घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण 17 टक्क्यांनी जास्त होते. माझ्या कपाटात त्याच मात्रेची एक बाटली होती, कोणा हितचिंतकाने दिलेली. ती मी काढून टाकली. ग्रीन टीच्या दाट अर्काच्या कॅप्सूल यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणून त्याही घेतल्या नाहीत. कपातल्या चहाला माझी हरकत नाही.

डॉक्टरांना विचारून आणि माझ्या इतर औषधांची यादी दाखवून मी तीन महिने क्वेर्सेटिन घेतले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ही यादी दाखवणे फारच गरजेचे असते. जेवणात शिजवलेला टोमॅटो, कांदा आणि फळे वाढवली. परवा पुन्हा प्रश्नावली भरली आणि गुण 15 आले. सहा गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात, माझा सातचा आहे. पण त्याच काळात मी कटितळाच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या, स्नायूंची फिजिओथेरपीही सुरू केली होती, आणि तासातासाला खुर्चीवरून उठण्याची सवयही तेव्हाचीच. त्या सात गुणांतले किती कोणाच्या नावावर लिहायचे, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने आता क्वेर्सेटिन बंद करून बाकी सारे तसेच ठेवले आहे. पुढची प्रश्नावली दोन महिन्यांनी भरायची आहे.