साठीत पोहायला शिकताना

आज सकाळच्या बॅचला पन्नाशी-साठीची बरीच नवी मंडळी होती. तलावाच्या अर्ध्या लांबीतच दम लागत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे वयामुळे. खरं कारण म्हणजे कोंडलेला श्वास! तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडायचे, म्हणजे मान वळवल्यावर फक्त आत घेणं उरतं. कठडा धरून हे 20-25 वेळा जमल्याशिवाय हात मारायची घाई नको. डोकं वर काढलं की कंबर आणि पाय बुडतात, म्हणून नजर तळाकडे.

25 मीटरची एक लांबी, मग मिनिटभर विश्रांती. अशा 6 ते 8, आठवड्यातून 3 दिवस. गुडघे दुखत असतील तर बेडकासारखी लाथ टाळा, फ्रीस्टाइलच (आळीपाळीने हात मारत, पाय वर-खाली हलवत) करा. बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाण्यातून हळूहळू बाहेर या, नाहीतर चक्कर येते.

वजनाचं म्हणाल तर ते नुसत्या पोहण्याने उतरेलच असं नाही, कारण गार पाण्यातून आल्यावर भूक सपाटून लागते. म्हणून डब्यात मोडाची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी हवीतच. हाडांसाठी मात्र चालणं सोडू नका, कारण पाण्यात हाडांवर भार फारसा पडत नाही.