मावशींना दिवाळीला काय देता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवरात्र उलटलं की जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, सोसायटीच्या मीटिंगनंतर हा प्रश्न हमखास येतो: 'सासूबाईंना सांभाळणाऱ्या मावशींना दिवाळीला काय देता हो?' विचारणाऱ्याचा आवाज जरा खालचा असतो. आपण पुणेकर, शेजारच्यांमुळे आपल्याकडचा भाव वाढू नये, याची काळजी आधी.

तर, एक पूर्ण पगार. तोही धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी. भाऊबीज झाल्यावर हातात पडलेल्या पैशांतून पोरांचे कपडे कधी घ्यायचे? 1965च्या बोनस कायद्यात किमान बोनस पुढे 8.33 टक्के झाला होता, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो कायदा कारखान्यांसाठी आणि वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणांसाठी होता. आमचं घर त्यात कधीच बसत नव्हतं, पण हिशेब आम्ही तोच धरतो. मावशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आल्यात, तरी हे पैसे थेट त्यांच्या हातात. आणि यात आपली काही दिलदारी नाही बरं का. याच पुण्यात 1980 साली मोलकरणींनी पगारवाढीसाठी संप केला होता, तेव्हा कुठे घरकाम हेही काम आहे हे चार घरांना पटलं.

साडी मी आणत नाही. लक्ष्मी रोडवर 'देण्याघेण्यातली दाखवा' म्हटलं की दुकानदार जो गठ्ठा पुढे टाकतो, त्यातली साडी आपण स्वतः नेसतो का? साडीचे पैसे वेगळे देते, तुळशीबागेत जाऊन त्या हवं ते घेतात. एकदा साडीऐवजी त्यांनी मिक्सर घेतला. फराळाचा डबा मात्र देते, आणि तो पहिल्या घाण्यातला.

'त्या आमच्या घरच्याच आहेत हो,' असंही लोक मला सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण त्याच घरात त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो आणि खाडा झाला की दिवसाचे पैसे कापले जातात. घरच्या माणसाचे कुणी कापतं का?

मावशी काय करतात ते एकदा जवळून बघा. सासूबाई तीन-चार वर्षं अंथरुणात आहेत आणि पाठीला एक जखम नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, टाचांखाली उशी द्यायची. नरकचतुर्दशीला मी बाजारातलं उटणं काढलं, तर मावशींनी ते आधी बोटांवर चोळून पाहिलं. म्हणाल्या, 'ताई, हे खरखरतं. आजींची कातडी कागदासारखी झालीय.' मग वस्त्रगाळ करून, दुधाच्या सायीत कालवून फक्त हातापायांना लावलं आणि कोमट पाण्यात पिळलेल्या पंच्याने पुसून घेतलं. सासूबाई आता फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, 'वास चांगलाय.'

तेव्हा मावशींची स्वतःची मुलं पाथर्डीकडे गावाला, आजीच्या हातची आंघोळ करत होती. म्हणून आता पगार, साडी यांच्याही आधी सुट्टी ठरते: धनत्रयोदशी ते भाऊबीज, पगार न कापता. त्या वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटीने जातात. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. उरलेल्या पैशांचे म्हणे फटाके होतात.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग तुमचं कसं चालतं?' बदली बाई दिवाळीत मिळाली तर दुप्पट पैसे घेते, आणि सासूबाई नव्या माणसाच्या हातून खात नाहीत. त्यामुळे आम्हीच पाळ्या लावतो. मावशी जाण्याआधी सगळ्यांना उभं करून शिकवतात, मुंबईच्या दिरांनासुद्धा. दीर रात्री दोनचा गजर लावून कूस बदलतात, सकाळी अनारसा दुधात कुस्करून भरवतात. डायपरची वेळ आली की अजूनही त्यांना नेमका कुणाचा तरी फोन येतो. यंदा त्यांचा फोन माझ्याकडे जमा करायचं ठरलंय. जाऊबाईंची संमती घेतलीय.