वाचनालयातलं काव्यवाचन: चौदा नावं झाली की यादी बंद

काव्यवाचनासाठी देवघेवीची वेळ टाळा. संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेल्या सभासदाच्या कानाशी माईक सुरू झाला, की तक्रार थेट कार्यवाहांकडे जाते आणि पुढच्या कार्यक्रमाला परवानगी मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीची सकाळ उत्तम; फक्त किल्ली कोणाकडे आणि कुलूप कोण लावणार, हे ग्रंथपालांशी आधी ठरवा. 27 फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, शक्यतो नको. त्या दिवशी प्रत्येक संस्थेचा कार्यक्रम असतो, कवी मात्र तेच.

आता हिशेब. दोन तास म्हणजे 120 मिनिटं. त्यातली 15 प्रास्ताविक आणि आभाराला, 20 उशीर आणि चहाला. उरलेल्या 85 मिनिटांत, प्रत्येकी सहा धरून, चौदा कवी. ‘पाच मिनिटं’ असं सांगू नका, कारण कविता कशी सुचली हे सांगण्यातच ती जातात. ‘एक कविता, एक पान, प्रस्तावना नाही’ एवढंच सांगा. गझलेला थोडी सूट द्यावी लागते: पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, मग दाद, मग पुन्हा तीच ओळ. पाच शेरांना चार मिनिटं सहज लागतात.

खरी पंचाईत क्रमाची. आपली कविता झाली की कवी चप्पल शोधतो आणि शेवटचे चौघे रिकाम्या खुर्च्यांना ऐकवतात. शिवाय गायलेल्या गझलेनंतर मुक्तछंद हमखास पडतो. म्हणून चिठ्ठ्यांचे दोन डबे ठेवा, एक मुक्तछंदाचा, एक गझल आणि गीतांचा. आधी मुक्तछंदाच्या डब्यातल्या दोन-तीन चिठ्ठ्या, मग दुसऱ्यातली एक. पुढची चिठ्ठी आयत्या वेळी काढायची. नाव कधी येईल कळत नाही, त्यामुळे माणूस बसून राहतो. (ज्येष्ठांना हे रुचत नाही. त्यांना अध्यक्ष करा.)

चाळीस जण अपेक्षित असतील तर खुर्च्या तीसच मांडा, दहा भिंतीशी रचून ठेवा. स्पीकर माईकच्या पुढे हवा. मागे ठेवला की शिट्टी वाजते. माईकच्या डोक्यावरचा पंखा बंद, नाहीतर वारा घुमतो आणि कागद उडतात. मोबाईलवरून वाचणाऱ्याची स्क्रीन ऐन ओळीत विझते, म्हणून छापील प्रत मागून घ्या.

दाराशी एक टेबल लावून त्यावर कवितासंग्रह मांडा. पुस्तकांना विषयवार आकडे देणारं ड्यूई वर्गीकरण असेल तर 891.461 चं, म्हणजे मराठी कवितेचं, कपाट. देवघेवीचं रजिस्टर आणि तारखेचा शिक्का तिथेच ठेवा, चहाच्या आधीपासून. चहानंतर कोणी थांबत नाही.