रिटर्नचं टेबल: आठवड्याच्या नोंदी

सोमवार

ऑनलाइन कपडे विकताना ग्राहकाकडून परत आलेलं पार्सल विक्रीच्या मालाजवळ न्यायचं नाही, ही पहिली शिस्त. त्यासाठी वेगळं टेबल आणि झाकणाची वेगळी टोपली हवी. वापरलेले कपडे विकणाऱ्यांनी तर हे कसोशीने पाळावं, कारण एका स्वेटरमधली कसर किंवा ढेकूण सगळ्या रॅकवर पसरायला वेळ लागत नाही. शंका आली की कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा: ढेकणांसाठी सलग ४ दिवस, कसरीसाठी २ आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतला कपडा खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडावी, नाहीतर हवेतली वाफ गार कापडावर जमते आणि तो दमटपणा घडीत अडकून राहतो.

पार्सल फोडण्याआधी वजन. पाठवताना प्रत्येक पॅक केलेल्या पाकिटाचं वजन लिहून ठेवलेलं असेल तर अर्धी तपासणी इथेच होते. १८० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटर कापडाला १८० ग्रॅम) अर्ध्या बाहीचा सुती टी-शर्ट साधारण १५० ते २०० ग्रॅम भरतो, जीन्स ५०० ते ७०० ग्रॅम. जीन्स पाठवली होती आणि परत आलेलं पाकीट २५० ग्रॅमचं आहे, तर आत जीन्स नाही हे न उघडताच कळतं. मात्र ५-१० ग्रॅमच्या फरकावरून कुणावर संशय घेऊ नये. सूत हवेतलं पाणी शोषतं, आणि दमट दिवसांत तोच टी-शर्ट तेवढा जड भरतो.

मग व्हिडिओ, आणि तो अखंड. आधी पाकिटाच्या सहाही बाजू, मग लेबलवरचा ट्रॅकिंग क्रमांक वाचता येईल इतका जवळून, मग काट्यावरचा आकडा, मग टेप कापणं, कपडा बाहेर काढणं, दोन्ही बाजूंनी उलगडणं, टॅग दाखवणं. मध्ये कॅमेरा थांबला किंवा हात चौकटीबाहेर गेला की वादाच्या वेळी त्या व्हिडिओची किंमत संपते. मोबाइल हातात धरून हे जमत नाही. टेबलावर वरून खाली पाहणारा स्टँड घ्यावा.

कपडा हातात आला की सगळ्यात आधी वास. डाग दहा मिनिटांनी पाहिला तरी तो तिथेच असतो. नाक मात्र दोन-तीन कपड्यांतच वासाला सरावतं आणि काही सांगेनासं होतं. म्हणून सगळ्या रिटर्नचा वास एका दमात घेऊ नये, मध्ये बाहेर जाऊन यावं. जागा ठरलेल्या: काखा, कॉलरची आतली बाजू, पँटचा जांघेचा भाग, कोटाचं अस्तर. अत्तराचा आणि धुराचा वास थंड कापडात दबून राहतो. शंकेच्या जागी स्टीमरची वाफ दिली की तो लगेच वर येतो.

मंगळवार

आज फक्त "घालून झालं आहे का" या प्रश्नाबद्दल, कारण सगळे वाद इथेच पेटतात.

घालून पाहणं आणि घालून फिरणं यांच्या खुणा वेगळ्या असतात. घालून पाहिलेल्या कपड्यावर फार तर गळ्याच्या आत मेकअपचा पुसट डाग आणि एखादा केस मिळतो. दिवसभर घातलेल्या कपड्यावर कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे बारीक, एकमेकांना छेदणाऱ्या सुरकुत्या पडलेल्या असतात, कंबरपट्टीच्या आतल्या शिवणीवर मळाची रेघ असते, आणि पँटच्या मोहरीची मागची कड खरखरीत झालेली असते. खिसे उलटे करून पाहावेत. बिलाचा चिटोरा, वाळूचे कण, लिंट, काही ना काही सापडतं.

धुतलं आहे का, हे कळायला ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च उपयोगी पडते. बहुतेक धुण्याच्या पावडरींत कापड उजळ दिसावं म्हणून चमक देणारी द्रव्यं घातलेली असतात, ती या प्रकाशात निळसर चमकतात. गडद रंगाच्या नव्या सुती कपड्यावर ही चमक सहसा नसते, त्यामुळे एका धुण्यानंतर ती ठिपक्यांसारखी उठून दिसते. पांढऱ्या कपड्यावर ही चाचणी फसते, कारण ती द्रव्यं कारखान्यातच घातलेली असतात. आणि जुन्या, वापरलेल्या कपड्यावर तर करूच नये. तो आधीच कितीतरी वेळा धुतलेला असतो. त्याच बॅचचा न विकलेला नग शेजारी ठेवून तुलना केली तरच निष्कर्ष काढावा.

टॅगबद्दल माझं मत ठाम आहे. टॅग कपड्याच्या बाहेर, दिसेल अशा जागी लावावा, म्हणजे तो ठेवून बाहेर जाता येत नाही. पण टॅग गनची सुई थेट कापडातून घालू नये. रेशमावर आणि स्वेटरसारख्या विणलेल्या कपड्यावर तिचं भोक कायमचं राहतं, टी-शर्टमध्ये तिथूनच धागा सुटत जातो. सुई नेहमी लेबलातून किंवा शिवणीच्या दुपदरी जागेतून काढावी. महागाच्या कपड्याला आतल्या लेबलवर अतिनील पेनाने नगाचा क्रमांक लिहिला की टॅग कापून दुसऱ्याच कपड्याला लावण्याचा प्रकारही उघडा पडतो.

बुधवार

पिवळेपणा. यावर सावकाश लिहायला हवं, कारण इथे ग्राहकावर उगाच आळ येतो.

पांढरा शर्ट परत आला, घडीच्या कडांवर पिवळी छटा आहे, काखा मात्र स्वच्छ. हा घाम नाही. काही प्लॅस्टिक पिशव्यांत बीएचटी नावाचं द्रव्य असतं, ते कापडात उतरतं आणि हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग होऊन पिवळं पडतं. गाडीचा धूर जिथे येतो अशा गोदामात हे जास्त होतं. म्हणजे डाग आपल्याच साठवणीतून आलेला असू शकतो. ओळख अशी: पिवळेपणा जिथे हवा पोचते त्या घडीच्या कडांना असतो, आत नसतो. काही तास उन्हात ठेवला की बहुतेक वेळा उतरतो. सायट्रिक आम्लाच्या सौम्य पाण्यानेही जातो. पांढऱ्या मालासाठी बीएचटी नसलेल्या पिशव्या मागून घेणं हा खरा उपाय.

काखेतला पिवळा डाग वेगळा. डिओडरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून तो बनतो, आणि त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की तो गडद होतो. पातळ व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून मग एन्झाइमच्या डिटर्जंटने धुवावं. मेकअपचा डाग तेलकट असतो. त्याला भांड्यांचा साबण कोरडाच लावून बोटाने चोळावा आणि पाणी शेवटी घ्यावं. रक्ताला नेहमी थंड पाणी, गरम पाण्याने प्रथिन कापडात गोठून बसतं. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री किंवा ड्रायर अजिबात नाही.

इस्त्रीपेक्षा स्टीमर बरा. गडद पॉलिएस्टरवर इस्त्रीचा तवा टेकला की चकाकी येते आणि ती परत जात नाही. वाफ दिल्यावर कपडा निदान दोन-तीन तास हँगरवर टांगून ठेवावा. ओलसर कपडा पिशवीत बंद केला तर बुरशीचा वास पुढच्या ग्राहकाच्या हाती पडतो, आणि तेच पार्सल पुन्हा आपल्या टेबलावर येतं.

गुरुवार

"छोटा झाला." सगळ्यात जास्त येणारं कारण हेच. ग्राहकाचं शरीर आणि आपलं लेबल यांच्यात तिसरी गोष्ट असते ती माप, आणि ते बहुतेक लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीसाठी टाकलेल्या वर्णनात, अर्धवट दिलेलं असतं. "एल" म्हणजे काय, हे प्रत्येक ब्रँड स्वतः ठरवतो.

माप घेताना कपडा सपाट, बटणं लावलेली, कापड न ताणता. छाती काखेच्या २.५ सेंमी खाली, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. उंची खांद्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून, कॉलरपासून नाही. पँटला कंबर, राइज (जांघेच्या शिवणीपासून कंबरपट्टीपर्यंतची उंची), मांडी, आतली शिवण आणि मोहरी ही पाचही मापं हवीत. राइज दिला नाही तर कंबर बरोबर असूनही पँट बसत नाही. कापडी टेप वापराने लांबते, म्हणून दर महिन्याला ती लोखंडी पट्टीशी ताडून पाहावी. लिस्टिंगमध्ये "१ सेंमी इकडेतिकडे" असं स्पष्ट लिहावं. आणि ग्राहकाला अंगाचं माप विचारू नये. त्याच्याकडे नीट बसणारा कपडा सपाट ठेवून मोजायला सांगावं. कपड्याची कपड्याशी तुलना झाली की गैरसमज पुष्कळ कमी होतात.

परत आलेला नग पुन्हा मोजावाच. टी-शर्टसारखं विणलेलं सूत पहिल्या धुण्यात ५ टक्क्यांपर्यंत आटू शकतं, आणि उंचीत बहुधा रुंदीपेक्षा जास्त. ७० सेंमीचा टी-शर्ट ६६.५ वर आला, छाती मात्र जवळपास तीच, तर तो धुतला गेला आहे.

रंगाची तक्रार असेल तर आधी बल्ब तपासावा. एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. फोटो आणि तपासणी दोन्ही ५००० ते ६५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, एकाच दिव्याखाली करावी. रंग सुटतो का, हे पांढरं ओलं फडकं आतल्या शिवणीवर दहा वेळा घासून कळतं. सुटत असेल तर तसं लिहूनच विकावं.

शुक्रवार

नोंदवहीत कारणाचे दोन रकाने हवेत: ग्राहकाने निवडलेलं आणि तपासणीत आढळलेलं. "वर्णनाप्रमाणे नाही" निवडलं की परतीचा खर्च विक्रेत्यावर जातो अशी अनेक ठिकाणी व्यवस्था असते, त्यामुळे पहिला रकाना एकटा काही सांगत नाही. एकाच लिस्टिंगवर एकच आढळलेलं कारण दोनदा आलं की विक्री थांबवून मजकूर किंवा फोटो बदलायचा. तिसऱ्याची वाट पाहायची नाही.

ग्राहकाला उत्तर त्याच दिवशी, तीन वाक्यांत. "पार्सल मिळालं. तपासणीत डाव्या काखेत डाग आढळला, फोटो सोबत जोडला आहे. आपल्याला याबद्दल काही सांगायचं असल्यास कृपया कळवा." वापरलात, फसवलंत, असे शब्द पुरावा असला तरी लिहू नयेत. डाग दाखवावा, हेतूवर बोलू नये. माणूस बऱ्याचदा खरंच नकळत डाग लावून बसलेला असतो, आणि त्याला मान राखून विचारलं तर तो सरळ सांगतो.

शनिवार

हिशेब. विक्रीची किंमत १०० धरू. खरेदी ४०, प्लॅटफॉर्मचं शुल्क १५, पाठवणी १२, पॅकिंग ३; उरले ३०. तोच नग परत आला तर जाण्याचे १२, येण्याचे १२, वाया गेलेलं पॅकिंग ३, परत न मिळणारं शुल्क २, सफाई ३, असे ३२ गेले. नंतर तो ८५ ला विकला तर त्या विक्रीतून साधारण १७ उरतात, म्हणजे एकूण १५ चा तोटा. म्हणून सैल बटण किंवा बारीक उसवलेली शिवण अशी खरी तक्रार असेल तर १५ रुपये परत देऊन कपडा ग्राहकाकडेच राहू देणं दोघांच्याही फायद्याचं. अशा वेळी निवड त्याची असते. नको म्हणाला तर पूर्ण परतावा, घासाघीस नाही.

प्रतवारी चार: अ म्हणजे जसाच्या तसा, ब म्हणजे सफाईनंतर नव्यासारखा, क म्हणजे दोष सांगून, दोषाचा फोटो लावून कमी किमतीत, ड म्हणजे विक्रीतून बाद. ठरवायला आल्यापासून ४८ तास पुरे. हंगामी माल आधी घ्यावा, कारण जाड कोट टोपलीत तीन आठवडे राहिला तर हंगामच निघून जातो. अंतर्वस्त्रं आणि पोहण्याचे कपडे यांच्या आत स्वच्छतेसाठी चिकटवलेली पट्टी निघालेली असेल तर थेट ड. क प्रतीच्या नगाला नवा क्रमांक आणि नवे फोटो हवेत. जुन्या लिस्टिंगमध्ये तो परत घुसवला की पुढचा ग्राहक जुना फोटो पाहून नवा कपडा समजून घेतो.

ड मधले झिप, बटणं आणि धड उरलेलं अस्तर काढून घ्यावं. जुळणारं बटण शोधण्यात फार वेळ जातो, म्हणून ती बटणं रंगानुसार डब्यांत ठेवावीत.