स्लॅबवरचा खिळा

भाताची सुगी संपली की खानापूर तालुक्यात आमच्यासारख्या मोजणीवाल्यांच्या हाताला काम. परवा घरचंच होतं. तात्यांना बांधाकडेनं पाइप टाकायची होती. हद्दीचे मधले दगड ट्रॅक्टरखाली गेलेले, पण गेल्या वर्षी मी सगळ्यांचे अक्षांश-रेखांशाचे आकडे घेऊन ठेवले होते. त्यावरून खुंट्या मारायच्या, एवढंच. मोबाइलवर बघितलं तर आम्ही शेजाऱ्याच्या रानात! तीन-चार मीटरची चूक मोबाइलच्या खिजगणतीत नाही. इथं गुंठ्याची बाजूच ३३ फूट.

म्हणून डीजीपीएस, म्हणजे दोन यंत्रं जोडीनं लावून जीपीएसची चूक काढायची पद्धत. एका जागी बसणारा बेस घराच्या स्लॅबवर, सोबत फिरणारा रोव्हर काठीवर. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर. तिथला सिग्नल आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, रखडतो आणि एक नॅनोसेकंद रखडला तरी अंतर ३० सेंटिमीटरनं चुकतं. बेसला स्वतःची जागा ठाऊक असते, म्हणून आकाशानं किती फसवलं ते त्याला कळतं. ते तो रेडिओवरून रोव्हरला सांगतो. दोघांत जेमतेम किलोमीटर, म्हणजे फसवणारं आकाश एकच. वजा केलं की उरते दोनेक सेंटिमीटरची चूक. (मे २००० पर्यंत अमेरिका सिग्नल मुद्दाम बिघडवायची आणि त्यांचंच तटरक्षक दल बीकनवरून दुरुस्ती पुरवायचं!)

आंब्याखाली मात्र रोव्हर 'फ्लोट'वर, म्हणजे पक्का आकडा न मिळता, अडकला. पानांनी अडवलेला सिग्नल हा त्याच्या एकट्याचा भोग, तो वजा होत नाही. बाकी सगळ्या खुंट्या 'फिक्स'वर, म्हणजे पक्का आकडा मिळाल्यावर, मारल्या.

संध्याकाळी तात्या आले. "काय करूलास रे? खुंट्या दगड सोडून पलीकडं गेल्यात की!"

मी स्क्रीन दाखवली. त्यांनी टेप धरली. टोकाच्या दगडापासून पाच फूट दहा इंच. दुसऱ्या टोकालाही तेवढंच, त्याच दिशेला.

पोटात धस्स झालं. स्लॅबवर खिळा आहे. तासन्‌तास निरीक्षण करून, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनांशी (म्हणजे कायम चालू असणाऱ्या बेसांशी) जोडून पक्का केलेला. त्याचे आकडे घालायचे सोडून सकाळी घाईत मी बेसला स्वतःच्या जागेची सरासरी त्यालाच काढायला लावली होती. बेस चुकीच्या जागेवर ठाम, रोव्हर त्याच्यावर विसंबून. ते दोन सेंटिमीटर बेसपासूनचे होते, आणि बेसच सरकलेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या उपटून पुन्हा मारल्या. खिळ्याभोवती तांबडा रंग लावलाय, आकडे जिन्याच्या भिंतीवर लिहिलेत. काकूला सांगितलंय, तेवढ्या जागेवर मिरच्या वाळत घालू नको.