फ्रिजमागची नळी

घरातल्या यंत्रांचे दोन गट सहज पाडता येतात. काहींना नुसती वीज पुरते, तर काहींना विजेबरोबर पाणीही लागते. फ्रिज पूर्वापार पहिल्या गटातला. भिंतीत पिन खोचली की त्याची मागणी संपते, आणि म्हणूनच हवा खेळती असेल अशा कोणत्याही कोपऱ्यात तो मुकाट्याने राहतो. दारातून गार पाणी आणि बर्फाचे खडे देणारा फ्रिज घरात आला की मात्र हा कोपरा निवडण्याचे स्वातंत्र्य जाते, कारण आता त्याला नळाचे शेजारपण हवे असते. आपोआप बर्फ करणारा घरगुती फ्रिज अमेरिकेतील सर्व्हेल या कंपनीने १९५३ साली बाजारात आणला. म्हणजे ही सोय चांगली सत्तरी ओलांडलेली आहे, तरीही तिच्या जोडणीविषयी आपण फारसे बोलत नाही. बोलणे होते ते लिटरचे, रंगाचे आणि दारांच्या संख्येचे.

जोडणी करणारी नळी दिसायला अगदीच किरकोळ असते. तिचा बाहेरचा व्यास पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरांहून किंचित अधिक. त्याहून जाड नळीची गरजही नसते, कारण बर्फाच्या साच्याला एका वेळी जेमतेम अर्धा पेला पाणी लागते. नळी तांब्याची असते, प्लॅस्टिकची असते किंवा वरून पोलादी तारांची वीण असलेली असते. मला ही विणीची नळी सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती सहजासहजी दुमडत नाही. तांबे टिकाऊ खरे, पण फ्रिज मागे सरकवताना ते एकदा चेमटले की पुन्हा पूर्ववत होत नाही. स्वस्तातली प्लॅस्टिकची नळी काही वर्षांनी कडक होऊन तडकते, आणि तीही नेमकी कोणाची नजर जात नाही अशा जागी. म्हणून एवढ्या मोठ्या खरेदीनंतर नळीत काटकसर करणाऱ्यांचे मला नवल वाटते.

पाणी घ्यायचे ते थंड पाण्याच्या नळातूनच. ते घेण्याचा एक आळशी मार्ग म्हणजे सॅडल व्हॉल्व्ह. हा नळावर चिमट्यासारखा आवळायचा आणि त्याची मूठ फिरवून आतल्या सुईने नळाला भोक पाडायचे, की काम झाले. नळ कापावा लागत नाही, म्हणून तो अनेकांना मोहात पाडतो. मात्र ते भोक बारीक असते, गाळाने तुंबते आणि रबराची गादी झिजली की तिथूनच पाणी झिरपू लागते. काही ठिकाणच्या बांधकाम नियमांनी तर त्याला सरळ मज्जाव केला आहे. त्यापेक्षा नळ कापून मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवावा आणि त्याच्या फाट्यावर मूठ पाव फेरा फिरवली की बंद होणारा व्हॉल्व्ह लावावा. हा व्हॉल्व्ह फ्रिजच्या पाठीमागे गाडून टाकू नये. पाणी वाहू लागल्यावर आधी फ्रिज ओढायचा आणि मग व्हॉल्व्ह शोधायचा, हा क्रम कोणालाच परवडणारा नाही.

तांब्याच्या नळीचा जोड हा या कामातला सर्वांत देखणा भाग म्हणावा लागेल. नळी आधी काटकोनात कापून तिची कड साफ करतात, मग तिच्यावर प्रथम नट आणि पाठोपाठ पितळेचे बारीकसे कडे सरकवतात. नट आवळला की ते कडे दबते, नळीला घट्ट मिठी मारते आणि पाण्याची वाट अडवते. पाणी अडते ते आट्यांमुळे नव्हे, तर या कड्यामुळे. त्यामुळे सवयीने आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचा येथे काडीचाही उपयोग नसतो. हाताने बसेल तेवढा नट फिरवून पुढे पान्याने थोडाच आवळावा. जास्त जोर लावला तर कडे वाकडे होते आणि जो जोड टिकायचा तोच गळतो.

नळी फ्रिजपाशी पोहोचली तरी बेतशीर कापू नये. दाव्याला बांधलेल्या गाईला चरण्यापुरती दोरी सैल ठेवतात, तसा दीड-दोन मीटर नळीचा सैल वळसा मागे असावा, म्हणजे झाडलोटीसाठी फ्रिज पुढे ओढता येतो.

यापुढचा प्रश्न दाबाचा, आणि खरी मेख इथेच आहे. बहुतेक उत्पादक नळात किमान २० ते ३० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब मागतात. छतावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा हिशेब सोपा आहे: दहा मीटर उंचीमागे सुमारे १४ पीएसआय. म्हणजे टाकी डोक्यावर जेमतेम एक-दोन मजले असेल तर फ्रिजला हवा तेवढा दाब मिळत नाही, आणि वाटेत पाणी शुद्ध करणारे यंत्र असेल तर तो आणखी घटतो. कमी दाबाने बर्फाचे खडे लहान आणि पोकळ होतात, हे कोणालाही पटते. पण फ्रिजमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह मिटताना पाण्याच्याच दाबाचा आधार घेतो. दाब कमी पडला की तो पुरता मिटत नाही आणि पाणी थेंबाथेंबाने साच्यात उतरत राहते. पाणी कमी म्हणून पाणी सांडते, हा उफराटा न्याय मला फार आवडतो. अशा घरी छोटा पंप बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

सगळे जोडून झाल्यावर सुरुवातीचे काही लिटर पाणी आणि पहिल्या दिवसाचा बर्फ फेकून द्यावा, कारण त्यात नव्या नळीची चव आणि फिल्टरमधली कोळशाची पूड उतरलेली असते. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून तो दुसऱ्या दिवशी पाहावा. बोटाला न जाणवणारी ओल कागद दाखवतो. फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा. त्यासाठी दारावर लागणारा दिवा बहुधा गेलेले दिवस किंवा वापरलेले पाणी मोजतो, फिल्टरमध्ये डोकावून तो काही पाहत नाही. म्हणून पाण्याची धार बारीक झाली की दिव्याची वाट न पाहता फिल्टर बदललेला बरा, आणि बराच काळ घर बंद राहणार असेल तर आधी बर्फाचे यंत्र थांबवून मग व्हॉल्व्ह मिटलेला बरा.